श्रीपादरावांचं विरजण

माझा धंदा सांगितला की लोक हातातला चहाचा कप खाली ठेवतात. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करत होतात हो?" तर मी आधी नुसतं "हॉस्पिटलात होते" एवढंच म्हणते. समोरची बाई चिवट निघाली, "म्हणजे नर्स? की डॉक्टर?" असं खोदायला लागली, की मग सांगून टाकते. "लोकांनी आणलेल्या संडासच्या डब्या उघडून तपासायचे. पुढं पुढं तर एकाची डबी घेऊन दुसऱ्याच्या पोटात घालायची तयारी करून द्यायचे." मग ती बाई आपलं ताट उचलून पलीकडच्या पंगतीला जाते. माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक लग्नांत रिकामीच असते.

आमचं घर अंबरपेठेत. आजोबा निजामाच्या कचेरीत होते, वडील शाळामास्तर, आणि मी ही अशी. शहरातल्या एका मोठ्या पोटाच्या हॉस्पिटलात जंतूंच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून उभी हयात काढली. आई म्हणायची, "मालू, घराण्याचं नाव काढलंस गं बाई, पण कुठून काढलंस." तिला हसू यायचं नि लाजही वाटायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले. आता सकाळी उठून कुणाच्या डबीची वाट बघायची नाही. पण खरं सांगते, मला त्या डब्यांची आठवण येते. हसा खुशाल.

आमचं काम बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर सोपं आहे. आपल्या आतड्यांत जंतूंचा एक मोठा मोहल्ला नांदत असतो. त्यातले बहुतेक भले. अन्न पचवतात, नको ते शिरू देत नाहीत. दुखणं आलं की आपण अँटिबायोटिक घेतो आणि त्यात वाईटाबरोबर हे भलेही मरतात. बहुतेकांचा मोहल्ला पुन्हा वसतो. पण एखाद्याचं नशीब खोटं असतं. मोकळ्या जागेत एक दांडगा जंतू येऊन बसतो, आणि माणसाला दिवसभर संडासाच्या वाऱ्या सुरू होतात. औषध दिलं की थांबतात, औषध संपलं की पुन्हा सुरू. अशा माणसाला मग निरोगी माणसाची विष्ठा देतात. कागदोपत्री तिला मोठं नाव आहे, आम्ही ट्रान्सप्लांट म्हणायचो. देणाऱ्यानं सकाळी ताजी डबी आणायची. आम्ही ती सलाईनमध्ये कालवायची, मिक्सरमधून फिरवायची, गाळायची, सिरिंजमध्ये भरून आत पाठवायची. मिक्सर अगदी घरात असतो तसलाच. म्हणून मी आजतागायत चटणी पाट्यावर वाटते.

आणि हे जंतू नुसतं पचवायचंच काम करत नाहीत. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक नस गेलेली आहे, तिच्यावरून दोन्हीकडचे निरोप सतत चालू असतात. मन ठीक राहायला जी रसायनं लागतात त्यातली काही पोटातच तयार होतात, आणि त्यात ह्या जंतूंचा हात असतो. किती हात असतो ते अजून कुणालाच धड ठाऊक नाही. पेपरात छापून येतं तेवढा तर नक्कीच नसेल. पण भीती वाटली की पोटात गोळा येतो आणि शेजाऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं, हे आपल्या आज्यांना नस माहीत नसताना माहीत होतं. मी बघितलं ते असं, की पोट बिघडलेलं माणूस आधी चिडतं, मग रडतं, मग गप्प होतं. गप्प झालं की आम्ही घाबरायचो.

देणारा कोण असावा, ह्यावर लोक फार भांडायचे. बेगम बाजारातले एक मसाल्याचे शेठ आले होते, आजारानं पार चिपाड झालेले. तरी पहिला प्रश्न हा:

"बहनजी, देने वाला कौन है?"

"नाम नहीं बताते, शेठजी."

"नाम नक्को. जात तो बोलो. प्याज-लसून खाता क्या?"

मी म्हटलं, जंतूंना जात नसते. ते म्हणाले, "आपकू क्या मालूम? आप पूछे क्या उनको?" शेवटी त्यांची बायकोच देणारी म्हणून ठरली. देणाऱ्याला आम्ही एकटं बसवून शंभर गोष्टी विचारतो. तशा विचारताना ती माउली दाराकडं बघत हळूच म्हणाली, "प्याज खाती मैं. दोपहर कू, भाभी के घर. इनको नक्को बोलो." आमच्याकडं सगळं गुप्त असतं, तेव्हा मी बोलले नाही. शेठ ठणठणीत झाले, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले की शुद्ध माल होता म्हणून गुण आला.

ह्या प्रश्नांत एक मनाबद्दलचा असायचा. उदास वाटतं का, त्यासाठी गोळ्या चालू आहेत का. ज्याला तसला आजार आहे त्याची डबी आम्ही घेत नसू. उदास माणसाचे जंतू उंदरात घातले तर उंदीरही कोपरा धरून बसतो, असं कुठं कुठं आढळलं होतं, म्हणून ही खबरदारी. एकदा एक तरणाबांड पोरगा आपल्या मित्रासाठी आला. अफझलगंजला मोबाइलचं दुकान होतं त्याचं. आल्यापासून सगळ्यांना हसवत होता. आमचा अटेंडंट यादगिरी, जो सहसा हसत नाही, तोही हसला. आणि गोळ्यांच्या प्रश्नाला पोरानं सहज सांगितलं, हौ, चालू हैं, दो साल से. मी पेन खाली ठेवलं. त्याला सांगावं लागलं की तुमचं चालणार नाही.

तो मग म्हणाला, "अच्छा. मेरा ग़म भी छूत का है क्या, मैडम?"

नियम माझा नव्हता, आणि नियम चुकीचाही नव्हता. पण त्या पोराला मी काय सांगायला हवं होतं ते मला आजही सापडलेलं नाही. पुढं एकदा बसमधून जाताना तो दुकानाच्या पायरीवर उभा दिसला. त्यानं ओळखलं आणि हसून हात केला. कधी त्या बाजूला गेले की मी त्याचं दुकान शोधते. आता तिथं दुसरीच पाटी आहे.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले त्या सुमनकाकूंचं सांगते.

सुमनकाकू आणि श्रीपादराव आमच्याच अंबरपेठेतले, आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून राहणारे. पण ओळख झाली ती हॉस्पिटलात. श्रीपादराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू घरच्या. काकूंचं सोवळं-ओवळं म्हणजे काय सांगावं. पाण्याची बाटली घरची, पेला घरचा, बाकावर बसायच्या आधी फडकं टाकणार. आणि नेमका त्यांनाच हा आजार. दातासाठी औषधं घेतली आणि ते निमित्त झालं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गप्प होण्याच्या पायरीला पोचलेल्या होत्या. भिंतीकडं तोंड करून पडायच्या. श्रीपादराव पायाशी बसून त्यांना गल्लीतल्या बातम्या सांगत राहायचे, कुणाचा कुत्रा कुणाला चावला तिथपर्यंत. काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

प्रश्न विचारायला मी श्रीपादरावांना आत बसवलं. उदास वाटतं का, ह्याच्यावर ते म्हणाले, "बाई, बायको महिना झाला भांडली नाही. मला उदास वाटणार नाही तर कुणाला वाटणार? पण ते माझ्या पोटातलं नाही, तिच्या पोटातलं आहे." मी तसंच्या तसं आमच्या विभागाच्या डॉक्टर माधवींना सांगितलं. त्या हसल्या आणि त्यांनी मान्य करून टाकलं.

काकूंना ही गोष्ट त्यांनीच सांगितली. मी खोलीतच होते. म्हणाले, "सुमन, जन्मभर तू माझ्या डोक्यात काय काय भरलंस. आता मी तुझ्या पोटात थोडं भरतो. फिट्टंफाट." काकू भिंतीकडं बघत म्हणाल्या, "शी." महिन्याभरात त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द असावा, कारण श्रीपादरावांचा चेहरा एकदम उजळला.

ठरलेल्या सकाळी ते डबी घेऊन आले. डबी पंच्यात गुंडाळलेली, पंचा स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, आणि पिशवी दोन्ही हातांत सरळ धरलेली. मला म्हणाले, "मालतीताई, विरजण आणलंय." मग सांगू लागले, की त्यांच्या घरी दही तेच लावतात, काकूंच्या हातच्या दह्याला तार येते. समोरच्या लक्ष्मम्मा, कोपऱ्यावरचे शिंपी, सगळे त्यांच्याकडूनच विरजण नेतात. यादगिरी दाराशी उभा राहून ऐकत होता. नंतर तो मला म्हणाला, अम्मा, ह्या माणसाकडनं मी आता ताक पिणार नाही.

गुण आला. जुलाब थांबले ते थांबलेच, पण मी वाट बघत होते दुसऱ्याच गोष्टीची. काही आठवड्यांनी काकू तपासायला आल्या आणि व्हरांड्यातच त्यांचा आवाज ऐकू आला. फरशी ओल्या फडक्यानं पुसायची की कोरड्या, ह्यावरून त्या यादगिरीला धारेवर धरत होत्या. श्रीपादराव मागं उभे होते, पोरीचं लग्न ठरल्यासारखा चेहरा करून. पोट सुधारलं म्हणून मन सुधारलं, की नव्या जंतूंनी मनालाही हात दिला, हे मला विचाराल तर मला ठाऊक नाही. दोन्ही थोडं थोडं असेल.

जाताना काकूंनी मला बाजूला घेतलं. "म्हणजे माझ्यात आता हे आहेत म्हणता?"

"त्यांचे जंतू आहेत, काकू."

"तरीच परवा मला वांग्याची भाजी खावीशी वाटली. जन्मात कधी आवडली नाही."

असं काही नसतं म्हणून मी सांगितलं. आणि आम्ही सगळ्यांना सांगतो तेही बजावलं, की आता आम्हाला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घ्यायचं नाही. नवी वस्ती आहे, पुन्हा उजाड होईल. काकूंनी ते अगदी मनावर घेतलं.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षानं श्रीपादराव गेले. दुपारी जेवून जरा लवंडले ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेले होते. काकू रडत नव्हत्या, आल्यागेल्याला पाणी देत होत्या, पेले घासून परत मांडत होत्या. त्यांची एकुलती लेक कल्याणी बँकेत नोकरीला, तार्नाक्याला राहते, जावई वेंकट तेलुगू. दोघांनी खूप सांगितलं, आमच्याकडं चला. काकूंचं एकच, जावयाच्या घरी राहायची आमच्यात पद्धत नाही. राहिल्या एकट्याच.

मग महिन्याभरानं एका दुपारी प्रयोगशाळेत कल्याणीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. आईला तुमच्याच हॉस्पिटलात आणलंय, ताप उतरत नाही, मूत्रपिंडात जंतू गेलेत. डॉक्टर म्हणतात इंजेक्शनं आजच सुरू करायला हवीत, रक्तात पसरलं तर हाताबाहेर जाईल. आणि ती घेत नाही. "मावशी, ती म्हणते त्या औषधानं बाबा मरतील."

मी हातातलं काम टाकून वर गेले. काकू पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, तोंडाला कोरड पडलेली, कपाळ तापलेलं. डॉक्टर माधवींनी सगळं समजावून सांगितलं होतं, कल्याणीचे हात जोडून झाले होते. मी खुर्ची ओढून बसले.

"काकू, हा हट्ट कशासाठी?"

"तुम्हीच सांगितलं होतं. नवी वस्ती आहे, उजाड होईल."

"विचारल्याशिवाय घेऊ नका म्हटलं होतं. आता डॉक्टर स्वतःच घ्या म्हणताहेत. ह्यात तुमचा जीव जाईल."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. "मालतीताई, त्यांना माझ्या डोळ्यांदेखत नेलं. माझं काही चाललं नाही. पण हे एवढं माझ्या हातात आहे ना. हे मी माझ्या हातानं कसं मारू?"

मला माहीत आहे एकटीचं घर काय असतं ते. आई गेली, भाऊ मुलाबाळांसकट पुण्याला गेला, आणि मी मागं राहिले. संध्याकाळी कुलूप उघडताना आत कुणी नाही हे माहीत असतं, तरी मी कडी जरा वाजवूनच उघडते.

मग त्यांनी तोंड वळवलं. डोळे तापानं लाल झालेले. म्हणाल्या, "तुमच्याकडं सगळ्यांचं थोडं थोडं ठेवलेलं असतं ना थंडीच्या कपाटात? त्यांचं असेल. इंजेक्शन घेते मी, पण नंतर ते परत घालायचं, एवढा शब्द द्या."

देणाऱ्याचा एक नमुना आम्ही ठेवायचो हे खरं. पुढं काही उलट-सुलट झालं तर तपासायला म्हणून. पण त्याची मुदत असते, आणि श्रीपादरावांचा नमुना मुदत संपल्यावर नियमाप्रमाणं नष्ट झाला होता. असता तरी त्या चिमूटभरातून काही झालं नसतं. क्षणभर वाटलं, आहे म्हणावं. बाई इंजेक्शन घेईल, जीव वाचेल, पुढचं पुढं. पण कुणाच्याही डबीबद्दल मी आजवर खोटं बोललेली नव्हते, आणि ह्या बाईशी तर बोलवेना.

"नाही उरलं, काकू," मी म्हटलं.

त्या पुन्हा भिंतीकडं वळल्या.

कल्याणी उशापाशी उभी होती. तिचा धीर सुटला. ती रागानंच बोलू लागली, पण राग कुणावर ते तिलाही कळत नव्हतं. "इकडं हिचं हे, तिकडं श्रीजा दोन दिवस धड जेवत नाही. आबांसारखं कालवून दे म्हणते. मी कालवलेलं चालत नाही, वेंकटनं कालवलेलं चालत नाही. आबांच्या ताटातलंच पाहिजे. मी कुठून आणू आबांचं ताट?" श्रीजा म्हणजे तिची लेक. कल्याणीची नोकरी, त्यामुळं ती पोर तान्ही असल्यापासून दिवसभर अंबरपेठेला आजी-आजोबांकडंच वाढलेली.

मी कल्याणीला विचारलं, "श्रीपादराव तिला आपल्या ताटातलं भरवायचे?"

उत्तर भिंतीकडून आलं. "उष्टं. तिला दात नव्हते तेव्हापासून उष्टं. आधी घास स्वतः चाखणार, मीठ बघणार, बोटं चाटणार, आणि त्याच बोटांनी पोरीला. किती भांडले मी. म्हटलं, लहान जिवाला उष्टं घालू नका. ऐकतील तर शपथ."

मी आयुष्यभर लोकांना हात धुवा, उकळून प्या, कुणाचं उष्टं खाऊ नका असं सांगत आलेली बाई. पण ते ऐकलं आणि मला श्रीपादरावांची ती दोन्ही हातांत सरळ धरलेली पिशवी आठवली.

"काकू," मी म्हटलं, "उन्हाळ्यात तुमचं विरजण नासलं की काय करायचात?"

"काय करणार? समोरच्या लक्ष्मम्माकडनं आणायचं."

"तिच्याकडं कुठलं होतं?"

"आमचंच. आमच्याकडनंच नेलेलं." हे बोलून त्या थांबल्या. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे श्रीजाकडं आहेत?"

"असणार. किती आहेत ते मी मोजलेलं नाही, उगाच सांगणार नाही. पण एका घरात राहणाऱ्यांचे, एका ताटात जेवणाऱ्यांचे जंतू एकमेकांत जातात, हे खरं आहे. आणि ती तर त्यांच्या बोटांनी जेवलेली पोर. काकू, तुमच्यातले गेले तरी ते सगळे गेले असं होत नाही. त्यांनी ते आधीच दुसऱ्या घरी देऊन ठेवलेत."

काकू उताण्या झाल्या. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. त्यांचं सगळं रडणं त्या दिवशी झालं असं कल्याणी नंतर म्हणाली.

"मी इतकी वर्षं त्याच्यावरून भांडले," त्या म्हणाल्या.

"बरं झालं त्यांनी ऐकलं नाही."

"कधीच ऐकलं नाही मेल्यानं," काकू म्हणाल्या, आणि सलाईनचा हात कल्याणीकडं सरकवला. "लावा म्हणावं काय लावायचं ते. आणि पाणी दे. पेला धुऊन दे."

इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरायला वेळ लागला आणि मधे पोटानंही त्रास दिला. डॉक्टर माधवी रोज येऊन बघायच्या, मी रोज डबी तपासायचे. इतक्या भीतीनं मी दुसरी कुठली डबी उघडली नसेन. जुना दांडगा जंतू परत आला नाही. काकू घरी गेल्या. अंबरपेठेला नाही, तार्नाक्याला गेल्या. पद्धतीचं काय झालं म्हणून मी विचारलं नाही. वेंकट सासूला "अत्तम्मा, अत्तम्मा" करत त्यांची पिशवी उचलून पुढं चालत होता, आणि त्या मागनं त्याला पिशवी सरळ धरायला सांगत होत्या.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी यादगिरीनं मिक्सरला हार घातला होता. नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळी नेमक्या वेळेला जाग येते आणि मग कुठं जायचं नसतं. स्वयंपाक एकटीचा, ताट एक, वाटी एक. वडील शाळेतून येऊन जेवायला बसायचे तेव्हा त्यांच्या ताटातला शेवटचा घास माझा असायचा, आमटीत कालवलेला, मोठा. मी त्याच्यासाठी ताटाशी बसून राहायचे. एकट्या माणसाच्या ताटात उष्टं असं काही नसतंच, सगळं आपलंच असतं. हे मला कधी जेवताना लक्षात येतं, आणि मग पुढचा घास जात नाही.

यंदा बतुकम्माच्या, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणाच्या, सुटीत काकूंचा फोन आला, जेवायला या म्हणून. मी तार्नाक्याला गेले. काकू अंगानं भरल्या होत्या, केस नीट विंचरलेले, आणि दारातच मला म्हणाल्या, "आधी पाय धुवा." मला फार बरं वाटलं.

जेवणं झाली. श्रीजा तेवढी मागं राहिली होती. आता ती शाळेत जाते, मराठी-तेलुगूची खिचडी बोलते. तिच्या पुढ्यात दहीभाताचं ताट होतं आणि ती तो भात पाची बोटांनी कालवत होती, अगदी रंगात येऊन. एक घास घेऊन तिनं चाखला, तोंड वाकडं केलं, मीठ घातलं, पुन्हा कालवला. बोटं चाटली. आणि त्याच बोटांनी घास करून समोर बसलेल्या काकूंपुढं धरला.

"अम्मम्मा, आ अनु," म्हणाली. म्हणजे, आजी, आ कर.

फडकं टाकल्याशिवाय बाकावर न बसणाऱ्या सुमनकाकूंनी आ केला. घास घेतला, डोळे मिटून खाल्ला. हे त्यांचं रोजचंच असावं. कल्याणी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती, ती माझ्याकडं बघून नुसती हसली.

दुसरा घास पोरीनं माझ्यापुढं धरला. दही बोटांवरून मनगटापर्यंत आलं होतं. जन्मभराच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "हात धुतलेस का गं?"

पोरगी बावरली. तिनं काकूंकडं बघितलं.

"नको म्हणू नका, मालतीताई," काकू म्हणाल्या. "आमच्या घरचं विरजण आहे. तुमच्याकडं संपलं असेल."

मी आ केला. भात गार होता आणि मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. मी आणखी एक घास मागितला.